सातबाऱ्यावरची चूक नेमकी कुणाची?

वडिलांच्या नावावरची जमीन ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर, ८० गुंठे. हस्तलिखित सातबाऱ्यावर तसंच होतं. संगणकीकृत उतारा हातात आला तेव्हा त्यावर आकडा होता ०.१८. ८० गुंठ्यांचे जेमतेम १८ गुंठे उरले होते. कार्यालयात गेलो तर समोरच्या कर्मचाऱ्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला, "सॉफ्टवेअरमध्ये एवढंच दिसतंय." संध्याकाळी पारावर विषय निघाला, तेव्हाही सगळ्यांचं तेच मत पडलं: सॉफ्टवेअरची चूक.

हे वाक्य मला तेव्हापासून खटकतं. सॉफ्टवेअरने काहीच चुकवलं नव्हतं. ०.८१ काय आणि ०.१८ काय, त्याच्या लेखी दोन्ही चालण्याजोगे आकडे. जो टाइप झाला तो त्याने साठवला आणि मागितल्यावर छापून दिला. चूक झाली ती जुन्या वहीतल्या अक्षरापासून कीबोर्डवरच्या बोटापर्यंतच्या वाटेवर, आणि टिकली ती कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले नाहीत म्हणून.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. माहिती प्रणाली त्याहून कितीतरी मोठी असते. नोंद कुणी करायची, कशाच्या आधारावर करायची, कुणी तपासायची, हरकत कुणाला घेता येईल, चूक सापडली तर ती कुणाच्या अधिकारात दुरुस्त व्हायची, ही सगळी साखळी म्हणजे माहिती प्रणाली. त्यात माणसं आहेत, कायदा आहे, वह्या आहेत, यंत्रं आहेत, आणि आता सॉफ्टवेअरही आहे. ते नव्हतं तेव्हाही आपल्याकडे जमिनीच्या नोंदी पिढ्यानपिढ्या होतच होत्या.

फेरफाराचंच, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचंच बघा. मला ही पद्धत फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खातेदार वारला की वारसांनी तलाठ्याकडे वर्दी द्यायची. तलाठी ती आधी सातबाऱ्यावर चढवत नाही. तो ती गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहितो आणि तिला क्रमांक देतो. मग हितसंबंध असलेल्या सगळ्यांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदींच्या वेगळ्या वहीत जातं आणि सुनावणी होते. मग तलाठ्याच्या वरचा मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. हस्तलिखिताच्या काळात या मधल्या दिवसांत सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलने केलेली असायची. प्रमाणित झाली की तिच्यावर शाई फिरायची.

डेटाबेसच्या, म्हणजे संगणकातल्या माहितीसाठ्याच्या अभ्यासात एक पायाभूत कल्पना शिकवतात. एखादा व्यवहार सुरू झाला तरी 'कमिट' होईपर्यंत तो पक्का नसतो. मध्येच काही बिघडलं तर 'रोलबॅक' करून सगळं मूळ स्थितीत नेता येतं. कमिट झाला की मग वीज गेली तरी तो पुसला जाता कामा नये. पेन्सिल आणि शाई यांनी नेमकं हेच साधलं होतं. पेन्सिलीची नोंद वाचणाऱ्याला कळायचं की हे ठरायचं आहे, यावर विसंबून जमीन घेऊ नका.

दुसरी गोष्ट कंसाची. जुन्या खातेदाराचं नाव सातबाऱ्यावरून खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक धरून मागे गेलं की कुणाचं नाव कधी आणि कोणत्या कारणाने गेलं याचा माग लागतो. बँकेचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो, फेडलं की उतरतो, आणि या दोन्हींचे फेरफारही वहीत राहतात. आज ई-फेरफार या प्रणालीत हीच रीत संगणकावर आली आहे. चावडीवरची नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते. पण हरकत घ्यायची की नाही हे अजून माणसानेच ठरवायचं असतं आणि निर्णयही अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो.

गणित चोख असून प्रणाली कोसळल्याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. पेशवाई संपल्यावर पुणे भागात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी करून शेतसारा ठरवला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे. अर्थशास्त्राच्या त्या काळच्या सिद्धांतात हे पक्कं बसत होतं. पण मोजणी आणि प्रतवारी करणारी खालची यंत्रणा सदोष आणि लाचखाऊ निघाली. खोट्या आकड्यांवर खरं गणित चालवलं गेलं. सारा झेपेना म्हणून कुणबी जमिनी टाकून निघून गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केलं. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला आणि भर दिला तो बांधावर जाऊन केलेल्या मोजणीवर, मातीची खोली आणि रंग बघून केलेल्या प्रतवारीवर. दर ३० वर्षांसाठी बांधून दिला. ही पद्धत टिकली.

म्हणूनच ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली साखळीबद्ध नोंदवही, आली की जमिनीचे वाद संपतील, असं कुणी छातीठोकपणे सांगतं तेव्हा मला काळजी वाटते. ब्लॉकचेन लिहिलेलं बदलू देत नाही, हा तिचा गुण खराच. पण ०.१८ लिहिलं असतं तर तिने ०.१८ च कायमचं जपलं असतं. छापील उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी आहे म्हणजे आतला मजकूर खरा, ही समजूतही चुकीची आहे. स्वाक्षरीवरून एवढंच कळतं की हा उतारा अधिकृत अभिलेखातला आहे आणि मध्ये कुणी त्यात फेरबदल केलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सुद्धा सांगतं की प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. चूक निघू शकते हे कायद्याने आधीच गृहीत धरलं आहे.

संगणकीकरणाच्या काळात या चुका पकडायला गावोगाव चावडी वाचन झालं. लोकांना बसवून सातबारे मोठ्याने वाचायचे आणि ज्याचं त्याने आपलं क्षेत्र ऐकून बरोबर-चूक सांगायचं. मला तो माहिती प्रणालीचा सर्वांत जिवंत भाग वाटतो. आमच्या गावी वाचन झालं त्या दिवशी वडील दवाखान्यात होते आणि आमच्यातलं दुसरं कुणी गेलं नाही. एवढ्याने आमचा आकडा निसटला.

पुढे मी जुन्या हस्तलिखित उताऱ्याची प्रमाणित नक्कल काढली आणि कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला. लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची दुरुस्ती या कलमाखाली होते. आदेश निघाला, तलाठ्याने त्याचा फेरफार धरला, मंडल अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला. नवा उतारा वडिलांनी चष्मा लावून खिडकीपाशी नेला आणि क्षेत्राच्या रकान्यावर बोट ठेवून दोनदा वाचला. ०.८१. मग उताऱ्यावरचा फेरफार क्रमांक त्यांनी घरच्या डायरीत, मोटारीच्या वीजबिलाच्या हिशेबाखाली, शाईने लिहून ठेवला.