हिवाळ्याच्या तोंडावर स्वालबार्डचा किनारा

सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात छोटी नौका घेऊन स्वालबार्डच्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या द्वीपसमूहाच्या, किनाऱ्याने फिरायचं असेल, तर हिमनगांच्याही आधी मिठाचा विचार करावा लागतो. समुद्राचं पाणी उणे 1.9 अंश सेल्सिअसला गोठतं, गोडं पाणी शून्याला. एवढ्याशा फरकामुळे उघड्या समुद्रावर नौकेपुढे एक धोका उभा राहतो आणि फ्योर्डच्या आत, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेल्या लांबट खाडीत, अगदी वेगळा.

शिवाय उजेड झपाट्याने आटतो. तिथलं मुख्य गाव लाँगिअरब्येन इथे साधारण 23 ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही आणि 26 ऑक्टोबरनंतर उगवत नाही. मधल्या नऊ आठवड्यांत रोज सरासरी 22-23 मिनिटं कमी होतात. आठवड्याभराच्या फेरीत अडीच तासांचा दिवस हरवतो. जाताना उजेडात ओलांडलेली सामुद्रधुनी परतताना अंधारात ओलांडावी लागते, हे मुक्काम ठरवतानाच धरून चालावं.

आधी बाहेरच्या समुद्राचं. हवा उणे 2-3 अंशांखाली उतरली आणि वारा ताशी 20 सागरी मैलांच्या वर गेला की नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, आपटून उडणारे तुषार हवेतच थंड होतात आणि जिथे पडतील तिथे धरतात. नौका लहान असेल तर त्याहून कमी वाराही पुरतो, कारण तिचा डेक पाण्याच्या जवळ असतो. पहिला थर पातळ आणि चिकट असतो, मिठाचं पाणी त्यात अडकलेलं असतं. मग तो वाढत जातो.

एक सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला नऊ किलो भरतो. थंड समुद्रातल्या मासेमारी नौकांचा तोल तपासताना आंतरराष्ट्रीय नियम उघड्या डेकवर दर चौरस मीटरला 30 किलो बर्फ धरायला सांगतात. वीस चौरस मीटरच्या डेकवर तेच 600 किलो होतात. पण खरी भीती वरच्या बर्फाची. आठ मिलिमीटरच्या तारेवर चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर बर्फ चढला, तर दर मीटरला 1.6 किलो वजन वाढतं. डोलकाठीला आधार देणाऱ्या बारा मीटरच्या सहा तारा धरल्या तर 115 किलो होतात. हे म्हणजे अर्ध्या काठीवर दोन माणसं चढवून बसवण्यासारखं आहे. नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो. पूर्वी चटकन सावरणारी नौका आता संथपणे डोलू लागते, झुकली की परत यायला वेळ घेते. असं डोलणं अंगाला सुखावह वाटतं, पण उलटण्यापूर्वीची ती सर्वांत स्पष्ट खूण आहे. 26 जानेवारी 1955 ला आइसलंडच्या उत्तरेला लोरेला आणि रॉडेरिगो हे दोन मोठे ब्रिटिश ट्रॉलर, म्हणजे जाळी ओढणाऱ्या मासेमारी नौका, याच बर्फाच्या भाराने उलटले आणि 40 जण गेले.

उपाय साधेच आहेत, पण वेळेवर करावे लागतात. वेग कमी करावा. समोरून येणारा वारा सर्वांत जास्त तुषार उडवतो, म्हणून जागा असेल तर वारा पाठीवर घ्यावा. डेकवरचे डबे, दोर, रबरी होडी आधीच खाली न्यावी. बर्फ फोडायला लाकडी मोगरी वापरावी. लोखंडी हातोड्याने तारा आणि नौकेचं फायबर दोन्ही फुटतात. सुरुवात उंचावरून करावी आणि दोन्ही बाजूंनी सारखं फोडत यावं, नाहीतर एका अंगाला कल जातो. डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी भोकं दर थोड्या वेळाने मोकळी करावीत. आणि फोडण्यापेक्षा बर्फ भरभर साचत असेल, तर आडोसा गाठावा.

आडोसा म्हणजे फ्योर्ड, आणि इथे मीठ दुसऱ्या तऱ्हेने आडवं येतं. गोडं पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. त्याखाली ते हलकं होऊन वर तरंगतं आणि लवकर गोठतं. क्षारता दर किलोला 24.7 ग्रॅमच्या वर गेली की पाणी गोठेपर्यंत जड होतच राहतं. थंड झालेलं पाणी खाली बुडतं, खालचं वर येतं, आणि गोठायला बराच काळ लागतो. त्यात पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचं उबदार पाणी येऊन मिळतं. पण हिमनद्या आणि ओढ्यांचं गोडं पाणी जिथे वर पसरलेलं असतं, ती टेम्पलफ्योर्डसारखी आतली टोकं आधी गोठतात. पाण्याच्या याच थरांवर भारतही लक्ष ठेवून आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमाद्री’ हे ठाणं 2008 पासून न्यू-ओलेसुंडला आहे, आणि तिथल्या कोंग्सफ्योर्डमध्ये 2014 साली बसवलेली ‘इंडआर्क’ ही यंत्रमाला तापमान, क्षारता नि प्रवाह मोजते.

नवा बर्फ आधी तेलाच्या तवंगासारखा दिसतो. लाटांची चमक विझते. मग लाटेबरोबर वाकणारी काळपट पातळ चादर तयार होते. ती रडारवर उमटत नाही. दोन-तीन सेंटिमीटरची ती चादर नाळेला पाण्याच्या रेषेवर करवतीसारखी घासते आणि फायबरचा वरचा थर खरवडून काढते. नौका अॅल्युमिनियमची किंवा पोलादाची नसेल, तर नाळेला त्या रेषेवर धातूचा पत्रा मारून घ्यावा. रात्री नांगर टाकण्याआधी पहाटे तिथून बाहेर पडता येईल का, एवढं पाहावं. हिमनदी नुकतीच मागे हटली असेल, तर नकाशावर तिथली खोली कोरीच असते.

इंजिनाला बर्फाचा लगदा सोसत नाही. समुद्राचं पाणी ओढणारी गाळणी तुंबते. धुराड्यातून बाहेर पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली की लगेच गाळणी बघावी. थंड करून परतलेलं कोमट पाणी गाळणीच्या पेटीत वळवण्याची नळी बसवलेली असेल तर हा त्रास बराच टळतो. इंजिन बंद केल्यावर पंपात उरलेलं पाणी गोठतं. सकाळी चावी फिरवताच रबरी पंख्याची पाती तुटतात आणि तुकडे पुढच्या नळ्यांत अडकतात. म्हणून समुद्राची तोटी बंद करून बादलीतून पाच-सात लिटर प्रॉपिलिन ग्लायकॉल (गोठू न देणारं रंगीत द्रव) ओढू द्यावं, धुराड्यातून रंगीत पाणी दिसेपर्यंत. पंखा जादाचा ठेवावाच. पाण्याच्या रेषेखालच्या टाकीतलं डिझेल समुद्राइतकंच थंड होतं, पण डेकवरच्या कॅनमधलं हवेइतकं. त्यात मेण धरतं, म्हणून हिवाळी डिझेलच घ्यावं.

नॉर्वेच्या हवामान संस्थेचा बर्फाचा नकाशा सोमवार ते शुक्रवार निघतो. शुक्रवारी नांगर टाकून शनिवार-रविवारी आतल्या टोकाला थांबायचं असेल, तर दोन दिवस फक्त डोळ्यांनी आणि पाण्यात सोडलेल्या थर्मामीटरने ठरवायचं असतं. पृष्ठभाग उणे 1 च्या खाली गेला आणि वारा पडला, तर त्याच संध्याकाळी नांगर उचलावा.