मुलींना इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, बीसीएसाठी शुल्कमाफी: नागपुरात अर्ज कसा करायचा

नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस या आयटी कंपन्या आहेत. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीने नोकरीसाठी पुणंच गाठायला हवं, असं आता नाही. तरी अनेक घरांत फीचा आकडा ऐकूनच मुलीचं इंजिनिअरिंग बाजूला पडतं. त्या घरांपर्यंत ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय पोचायला हवा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे.

पात्रता अशी: मुलगी महाराष्ट्राची रहिवासी, प्रवर्ग ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा ओबीसी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. एससी, एसटी, व्हीजेएनटी मुलींसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच वेगळ्या योजना आहेत, त्यांनी त्या निवडाव्यात. सगळ्यांत महत्त्वाची अट प्रवेशाची. तो कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात नाहीत, म्हणून पसंतीक्रम भरण्याआधीच कॉलेजला विचारा. व्हीएनआयटी या नागपुरातल्या केंद्रीय संस्थेचे प्रवेश जोसा या देशपातळीवरच्या प्रक्रियेमार्फत होतात, तिथला हिशेब निराळा.

दहावीनंतर सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा हा मला सर्वांत भक्कम रस्ता वाटतो. पुढे थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत जाता येतं. बारावीनंतर इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते. बीसीए या कॉम्प्युटरच्या पदवीलाही २०२४ पासून राज्याची सीईटी आहे, हे मात्र अजून बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं आणि फॉर्मची तारीख निघून जाते.

आता कागदपत्रं. खरी दमछाक इथेच होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशन कार्ड, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती. प्रवर्गाप्रमाणे ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र किंवा जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. जूनमध्ये सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात उभं राहायला जागा नसते, तेव्हा एप्रिलमध्येच अर्ज टाका. नव्या आर्थिक वर्षाचा दाखलाही तेव्हाच मिळतो. जात वैधतेला मात्र महिने लागतात. त्यासाठी अकरावीतच कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करावा.

बँक खातं मुलीच्या नावावर हवं, वडिलांच्या नाही. नुसतं आधार जोडलेलं पुरत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते 'सीडेड' असावं लागतं, म्हणजे पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेने आधारशी नोंद केलेली हवी. मायआधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं. मोबाइल नंबरबद्दलही आग्रहाने सांगते: आधारला जोडलेला नंबर मुलीजवळच असू द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा भावाचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि अर्जात त्रुटी निघाली तरी मुलीला कळत नाही.

अर्ज महाडीबीटीवर भरायचा. आधार ओटीपीने खातं उघडा, प्रोफाइल पूर्ण भरा, मग आपल्या प्रवर्गाची योजना निवडा: ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींसाठी तंत्रशिक्षण विभागाखालची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ओबीसी मुलींसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाखालची शुल्क योजना. अर्ज आधी कॉलेजकडे, मग विभागाकडे तपासला जातो. त्रुटी असेल तर तो परत येतो, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून पाहावं. हा अर्ज मुलीला स्वतः भरू द्या, तिच्या हातून होणारं ते पहिलं ऑनलाइन सरकारी काम असेल.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजने माफ झालेलं शुल्क आगाऊ मागू नये. मागितलं तर शासन निर्णयाची प्रत पुढे करा आणि तंत्रशिक्षण विभागाच्या नागपूर विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या. विकास शुल्क, वसतिगृह, मेस यांचा खर्च माफीत येत नाही, तेवढी तजवीज आधीच करावी.

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही पाहा. डिग्री किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्नमर्यादा तीच ८ लाख. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, आधी ओटीआर म्हणजे एकदाच करायची नोंदणी करून. शुल्कमाफीसोबत ती घेता येते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला अर्ज भरण्याआधी विचारा. दोन्ही योजनांचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, त्यासाठी मागच्या वर्षाची गुणपत्रिका जपून ठेवा.