पुढच्या चाकाची तपासणी एवढी काटेकोर का?

घरी बांधलेल्या हलक्या विमानाचं पुढचं चाक दिसायला किरकोळ, पण वार्षिक तपासणीत त्याचे लाड जवळपास इंजिनाइतकेच. त्याची कारणं इतिहासात आहेत.

अमेरिकी विमाननिर्माता ग्लेन कर्टिसच्या १९०८ मधल्या ‘जून बग’ विमानाला तीन चाकं होती, त्यातलं एक पुढे. पुढे मात्र शेपटीखाली चाक असलेली विमानं रूढ झाली. गवताळ मैदानांवर नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून उंच राहायचा आणि वजनही वाचायचं. खोट एकच: विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे उतरताना जरा वाकडं गेलं की ते आणखी वाकडं होत भोवऱ्यासारखं फिरतं. अमेरिकी अभियंता फ्रेड वीकने १९३४ मध्ये डब्ल्यू-१ आणि नंतर ‘अर्कूप’ या विमानांत चाक पुन्हा पुढे आणलं. भार मुख्य चाकांच्या पुढे आला की विमान आपोआप सरळ होतं. १९५६ च्या सेसना १७२ ने ही रचना घरोघरी नेली. बारामतीत शिकाऊ वैमानिक ज्या सेसनांवर हात बसवतात, त्यांनाही चाक पुढेच.

कारखान्यातली ही रचना मात्र जड. घरी बांधणाऱ्यांना हलकं, सोपं हवं होतं. अशा विमानांचे संच विकणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचे रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आरव्ही-६ए मध्ये इंजिन माउंटपासून (इंजिन धरणाऱ्या सांगाड्यापासून) खाली स्प्रिंग स्टीलचा एकच दांडा, टोकाला फोर्क (चाक धरणारा चिमटा) आणि डावी-उजवीकडे मोकळं वळणारं चाक. वळायचं ते डाव्या-उजव्या ब्रेकवर. मला ही रचना आजही देखणी वाटते. पण खडबडीत किंवा मऊ जमिनीवर फोर्कजवळचा नट रुतायचा, दांडा मागे दुमडायचा आणि विमान पाठीवर. चूक नाक लवकर टेकवणाऱ्या वैमानिकाची, की मुळात रचनाच नाजूक, यावर बरीच भांडणं झाली. माझ्या मते दोन्ही खरं. अमेरिकी अपघात तपास मंडळानेही या घटनांचा अभ्यास केला. नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीने सुधारित फोर्क दिला आणि नट जमिनीपासून सुमारे एक इंच वर गेला.

आजच्या तपासणीतल्या कितीतरी गोष्टी इथूनच आल्या. टायरमध्ये हवा कमी, म्हणजे नट तेवढा खाली. चाकाचं बेअरिंग जड फिरत असेल तर दांडा मागे ओढला जातो. मग शिमी, म्हणजे चाकाचं थरथरणं: कोनसेट ढिला झालेल्या स्कूटरचं हँडल हलतं तसंच, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. शेपूट दाबून चाक अधांतरी करायचं, एक्सलला स्प्रिंगचा काटा अडकवून आडवं ओढायचं. आरव्ही-६ए मध्ये फोर्क साधारण २२ पौंडांना, म्हणजे दहा किलोंना हलायला हवा. त्याआधीच हलला तर स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुपाखी पिन) काढून कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) आवळायचा, पुन्हा मोजायचं आणि नवीच पिन घालायची. जुनी पिन सरळ करून वापरणं हा चिकटपणा इथे नको.

इंजिन माउंटच्या वेल्डिंगला तडा गेल्याची शंका आली तर डीपी टेस्ट, म्हणजे रंग झिरपवून बारीक तडा शोधायची चाचणी. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लाल रंग आणि पांढरी पावडर ओळखीचीच. पावसाळ्यानंतर दांड्यावरचं फेअरिंग (वाऱ्याचा अडथळा कमी करणारं आवरण) काढून गंज पाहावा, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

त्याच कंपनीच्या आरव्ही-१० मध्ये धक्के झेलायला रबरी चकत्या आल्या. दांड्याची काळजी त्याने कमी झाली, पण रबर दबून बसलंय का, चिरलंय का, हे यादीत वाढलं.