श्वाननियंत्रण, फेरफटक्यातील

पाळलेल्या कुत्र्याला रस्ता, उद्यान, मैदान अशा सार्वजनिक ठिकाणी फिरवताना त्याने समोरून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाऊ नये, त्याला भंडावून सोडू नये आणि हाक मारताच धन्याकडे परतावे, यासाठी केलेल्या तजविजीला श्वाननियंत्रण म्हणतात. पट्टा, हार्नेस (छाती व खांद्यांभोवती बसणारा पट्ट्यांचा साज), मुसके ही साधने त्यात येतात. त्याचबरोबर पायापाशी चालणे, हाकेला येणे, नजर धन्याकडे वळवणे या अंगवळणी पाडलेल्या सवयीही येतात. साधने कुत्र्याला धरून ठेवतात, पण दुसरा कुत्रा दिसताच त्याच्यात जे उसळते ते साधनाने शमत नाही. म्हणून नियंत्रण पट्ट्याच्या मजबुतीपेक्षा दोन कुत्र्यांमध्ये राखलेल्या अंतरावर अधिक अवलंबून असते.

मोकळे असलेले दोन अनोळखी कुत्रे सहसा एकमेकांकडे सरळ रेषेत चालून जात नाहीत. वळसा घेत, मध्येच जमीन हुंगत, नजर चुकवत ते जवळ येतात, एकमेकांच्या मागच्या भागाचा वास घेतात आणि बहुधा काही क्षणांत आपापल्या वाटेला लागतात. अरुंद पदपथावर पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्यांना ही मुभा नसते. ताणलेल्या पट्ट्यामुळे छाती वर उचलली जाते, वजन पुढे झुकते, नजर समोरच्यावर रोखली जाते आणि हा पवित्रा समोरच्या कुत्र्याला आव्हानासारखा वाटतो. घाबरलेल्याला पळता येत नाही आणि भेटायला उतावीळ झालेल्याला पुढे जाता येत नाही. एकाची भीती व दुसऱ्याचा चडफडाट पाहणाऱ्याला मात्र सारखाच दिसतो, कारण दोघेही भुंकत पट्ट्याला हिसके देतात. झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात फिरायला निघालेल्या कुत्र्यांच्या भेटींची नोंद करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्ट्यावरील कुत्र्यांमध्ये धमकावण्याचे वर्तन मोकळ्या कुत्र्यांपेक्षा जास्त आढळले. यावरून पट्टा सोडून द्यावा असा अर्थ काढणे घाईचे ठरेल, कारण तापट कुत्र्यालाच धनी बांधून नेण्याची शक्यता अधिक असते. यात धन्याच्या हाताचाही वाटा असतो. दुसरा कुत्रा दिसला की तो नकळत पट्टा आखडतो, आणि असे रोज घडत गेले की आखडलेला पट्टा हीच कुत्र्याच्या लेखी संकटाची सूचना बनते.

भुंकणे हा या साखळीतील बराच उशिराचा टप्पा असतो. त्याआधी कुत्रा ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान वळवतो. मग अंग ताठरते, तोंड मिटते, पाठीवरचे केस उभे राहतात. काही क्षण पुतळ्यासारखे स्तब्ध होणे हे या सर्वांत गंभीर लक्षण होय, आणि नेमके तेच ‘किती शांत उभा आहे’ म्हणून वाखाणले जाते. शेपटीबाबतही असाच गैरसमज आहे. उंच व ताठ धरून वेगाने हलणारी शेपटी उत्तेजना दाखवते, स्नेहच दाखवते असे नाही. इटालियन संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, धनी दिसल्यावर कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकते आणि अनोळखी, वरचढ वाटणारा कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. दुसऱ्या कुत्र्यांनाही हा फरक कळत असावा, असे त्यांच्या २०१३ मधील प्रयोगावरून दिसते.

शिकवणीचा पाया पिल्लूपणात घातला जातो. अमेरिकी संशोधक जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या दीर्घ अभ्यासानुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सामाजिक जडणघडणीचा असतो. या वयात तऱ्हेतऱ्हेचे शांत कुत्रे पाहिलेले पिल्लू पुढे अनोळखी कुत्र्याला सहसा बिचकत नाही. ती संधी हुकलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी प्रतिअनुकूलन, म्हणजे भीतीच्या गोष्टीची आवडत्या गोष्टीशी सांगड घालणे, ही पद्धत वापरतात. ती रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी उलगडलेल्या अभिसंधानाच्या, म्हणजे एका गोष्टीमागोमाग दुसरी वारंवार आल्याने दोन्ही मनात जोडल्या जाण्याच्या, तत्त्वावर उभी आहे. दुसरा कुत्रा दिसतो पण आपला अजून खाऊ घेतो, हाकेकडे कान देतो, एवढ्या अंतरावर उभे राहायचे; दुसरा कुत्रा दृष्टीस पडताच आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो दिसेनासा होताच खाऊ थांबवायचा. खाऊ आधी आणि कुत्रा नंतर असा उलटा क्रम झाला, तर खाऊची पिशवीच धोक्याची खूण ठरते. हे अंतर आठवड्यांच्या हिशेबाने कमी होते, आणि एखाद्या दिवशी ते पुन्हा वाढवावेही लागते.

‘आपण टोळीप्रमुख आहोत हे कुत्र्याला दाखवा’ हा सल्ला अजून ऐकू येतो. त्याचे मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या बंदिस्त लांडग्यांवरील १९४७ च्या निरीक्षणांत आहे. मोकळ्या रानातील लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा आई-बाप व त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केल्यावर या सल्ल्याचा आधार ढासळला. हिसके व काटेरी गळपट्टे यांनी गुरगुरणे थांबू शकते, परंतु भीती तशीच राहते आणि पुढच्या खेपेस कुत्रा पूर्वसूचना न देता चावू शकतो.

साधनांमध्ये दीड ते दोन मीटरचा साधा पट्टा सर्वांत उपयोगी ठरतो. आपोआप गुंडाळला जाणारा लांब पट्टा गर्दीत टाळणे बरे, कारण ऐन वेळी तो आखडता येत नाही. मोकळ्या मैदानावरील सरावासाठी वापरायची लांब दोरी गळपट्ट्याला न बांधता हार्नेसला बांधावी, अन्यथा धावत्या कुत्र्याच्या मानेला झटका बसतो. जाळीदार मुसके घातल्यावर कुत्र्याला धापा टाकता येतात व पाणीही पिता येते, त्यामुळे ते शिक्षेचे साधन मानू नये.

नियंत्रणाची खरी परीक्षा तापट कुत्र्यापेक्षा प्रेमळ कुत्र्याच्या बाबतीत होते. दुरून धावत येणाऱ्या मोकळ्या कुत्र्यामागून ‘काही करत नाही तो, खेळायचंय त्याला’ असे ओरडत येणारा धनी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याचे म्हणणे खरे असते, फक्त ते समोरच्या म्हाताऱ्या, आजारी किंवा पूर्वी चावा सोसलेल्या कुत्र्याला लागू पडत नाही. खेळात रमलेला असतानाही जो पहिल्या हाकेला परततो, त्यालाच मोकळे सोडण्याजोगा म्हणता येईल. कायदा या बाबतीत माणसाकडे अधिक पाहतो. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्यानुसार प्रत्यक्ष इजा झाली नसली, तरी माणसाला इजा होईल अशी रास्त भीती वाटणे कुत्रा धोकादायकरीत्या नियंत्रणाबाहेर ठरण्यास पुरेसे असते. २०१४ मध्ये अपंगांच्या मदतनीस कुत्र्यांनाही हे संरक्षण मिळाले. सर्वसाधारण कुत्र्यावरील हल्ल्यासाठी इंग्लंड व वेल्समध्ये १८७१ च्या जुन्या कायद्याचा आधार घेतला जातो, ज्यानुसार कुत्र्याला योग्य नियंत्रणात ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

झुंज जुंपलीच तर मध्ये हात घालू नये, कारण त्या आवेशात कुत्रा स्वतःच्या धन्यालाही चावतो. पाण्याचा मारा करणे किंवा दोघांमध्ये फळीसारखी वस्तू सरकवणे तुलनेने सुरक्षित असते. सुटका झाल्यावर केस बाजूला सारून अंग तपासावे लागते. सुळ्याने पडलेले भोक वरून बारीक दिसते, पण कुत्र्याची कातडी सैल असल्याने आतले स्नायू बरेच फाटलेले असू शकतात. त्यामुळे कुत्रा नीट चालत असला तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.