मेघालयातली घटपर्णी मुंग्या कशा पकडते

मेघालयात जैंतिया टेकड्यांवर जराईनच्या आसपास झुडपांमधून घटपर्णीचे वेल वर चढलेले दिसतात. पानाची मधली शीर टोकापाशी संपत नाही. ती दोऱ्याएवढी बारीक होऊन पुढे लांबत जाते आणि तिच्या शेवटी वीतभर उंचीचा, हिरवट-तांबूस घट लोंबतो. वर झाकणही असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते फूल वाटतं, पण घट म्हणजे पानाचाच भाग. फुलं वेगळी येतात, अगदी बारीक आणि तुऱ्यांमध्ये.

हिचं शास्त्रीय नाव नेपेंथिस खासियाना. नेपेंथिसच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाइन्सच्या जंगलांत आढळतात. भारतात मात्र ही एकच, आणि तीही फक्त ईशान्येकडच्या डोंगरांत. कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती सहज दिसतात, पण घटपर्णी सह्याद्रीत कुठेच उगवत नाही.

किडे खाण्याची वेळ झाडावर येते ती मातीमुळे. या टेकड्यांवर पाऊस इतका कोसळतो की मातीतली पोषकद्रव्यं धुऊन जातात. ऊन आहे, पाणी आहे, पण नायट्रोजन नाही. त्यामुळे पानाचा एक भाग सापळ्यासाठी खर्च करणं या वेलीला परवडतं.

सापळ्यातली सगळी करामत घटाच्या काठावर आहे. हा काठ गोल वळलेला, चकचकीत असतो. भिंग लावून पाहिलं तर त्यावर आत उतरणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात. कडेला मध पाझरतो. काठ कोरडा असेल तर मुंगी त्यावरून निर्धास्त चालते, मध खाते आणि परत जाते. पाऊस किंवा दव पडलं की पाण्याचा पातळ थर रेघांमधून क्षणात काठभर पसरतो, आणि मुंगीच्या पायांची पकड सुटते. खाली बऱ्याच जातींत भिंतीला मेणाचा थर असतो, त्यामुळे वर चढायची सोय नाही.

मग काठ सतत ओला ठेवणं जास्त फायद्याचं नाही का? बोर्निओतल्या एका जातीवर संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला. काठ सारखा ओला ठेवलेल्या घटांमध्ये मुंग्या जास्त पडल्या नाहीत. उलट मोठ्या संख्येनं एकदम पडण्याचे प्रसंग कमी झाले. कारण पहिलीच मुंगी बुडाली, तर वारुळात निरोप कोण नेणार? कोरड्या वेळी सुखरूप परतलेली मुंगी बाकीच्यांना घेऊन येते, आणि तेवढ्यात काठ ओला झाला की एकदम झुंडच आत. कीटकभक्षी वनस्पतींबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

खासियानाच्या काठाची आणखी एक गंमत केरळमधल्या पालोडच्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानातल्या संशोधकांनी २०१३ साली मांडली. अतिनील प्रकाशात हा काठ निळा उजळतो. त्यांनी काही घटांचे काठ झाकून ती झळाळी बंद केली, तेव्हा सापडणाऱ्या किड्यांची संख्या खूपच घटली. भर उन्हात इतका मंद प्रकाश किड्यांना कितपत जाणवत असेल, यावर अजून वाद आहे.

आत पडलेल्याचं पचन होतं, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८७४ मध्ये बेलफास्टला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत सांगितलं. खासियानाला शास्त्रीय नाव देणारेही तेच. त्यांनी नेपेंथिसच्या घटांत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे तुकडे टाकले होते, आणि एका दिवसात त्यांच्या कडा विरघळलेल्या दिसल्या. रसात आम्ल आणि प्रथिनं तोडणारी विकरं असतात. किड्यांच्या कवचातलं कायटिन रसात मिसळलं की खासियाना बुरशीला रोखणारी रसायनंही तयार करते, म्हणजे शिकार कुजण्याआधी पचते.

एवढी तयारी असलेली वेल आज संकटात आहे. जैंतिया टेकड्यांमधल्या कोळशाच्या खाणी, झूम म्हणजे फिरत्या शेतीसाठी तोडलेली झुडपं आणि विक्रीसाठी उपटून नेलेली रोपं, ही त्याची मुख्य कारणं. त्यात नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. एखाद्या उतारावर चारच वेली उरल्या आणि त्या सगळ्या नर निघाल्या, तर तिथे बी धरणारच नाही. गारो टेकड्यांत बाघमारा इथे खास या वेलीसाठी काही एकरांचं अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण तिला आहे, आणि धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यानं रानातल्या रोपांचा परदेशी व्यापारही बंद आहे.

घरी घटपर्णी लावायची हौस असेल तर नर्सरीत वाढवलेली संकरित रोपं मिळतात, तीच घ्यावीत. रानातून आणलेलं रोप कुणी देऊ केलं तर नको म्हणावं. आणि कुंडीत शेणखत अजिबात घालू नये. मातीतूनच भरपूर नायट्रोजन मिळू लागला की वेल नुसती पानं वाढवत राहते, घट धरत नाही.