हवेत थांबायचं भाडं

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकदमच फुगल्या. मी तेव्हा चिक्कोडी भागात मामांच्या गावी अडकलो होतो. पाणी मारुतीच्या देवळात शिरलेलं, अर्धं गाव शाळेच्या गच्चीवर. एका सकाळी लांबून फडफड ऐकू आली आणि एक हेलिकॉप्टर पलीकडच्या मळ्यातल्या घरावर येऊन हवेतच थांबलं. दोर खाली सुटला. सगळे हात जोडून बघत होते, मामांचं डोकं मात्र हिशेबात. "वर नुस्तं थांबलंय की रे ते. तेल तरी काय लागत असंल? आपली गाडी न्यूट्रलला ठेवल्यागत."

मामांचा तर्क सरळ होता, पण गोष्ट नेमकी उलटी आहे. बेताच्या वेगानं पुढे जाण्यापेक्षा हेलिकॉप्टरला एका जागी थांबणंच महाग पडतं.

आधी ते वर राहतं कसं ते बघू. निपाणीहून बेळगावला येताना बसच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून किंचित तिरका केला की तो आपोआप वर उचलला जातो (आणि कंडक्टर ओरडतो). हात हवेला खाली ढकलतो, हवा हाताला वर. विमानाचे पंख हेच करतात, पण त्यासाठी अख्ख्या विमानाला धावावं लागतं. हेलिकॉप्टरनं ही धावायची जबाबदारी फक्त पंखांवर टाकली. वरची पाती म्हणजे गोल फिरणारे अरुंद पंख. पुष्कळांना वाटतं की वर जायचं असेल तर पायलट पंखा जोरात फिरवतो. तसं नाही. फेऱ्यांचा वेग जवळजवळ कायम असतो. पायलट डाव्या हाताचा दांडा उचलतो तेव्हा सगळी पाती एकदम जास्त तिरकी होतात.

आता भाड्याचा हिशेब. हवाई दलाकडच्या एमआय-१७ या मोठ्या हेलिकॉप्टरचा पंखा २१ मीटरहून थोडा मोठा, आणि पूर्ण भरल्यावर वजन १३ टन. तेवढं वजन एका जागी तोलायला पंख्याला दर सेकंदाला सुमारे ५ टन हवा खाली ढकलावी लागते. ऊस भरलेली ट्रॉली डोळ्यांपुढे आणा. तेवढी हवा, दर सेकंदाला. ती खाली पोचेपर्यंत ताशी ८०-९० किलोमीटरचा वारा झालेली असते. पत्र्याच्या घरावर हेलिकॉप्टर फार खाली का येत नाही, ते यावरून कळावं.

थांबलेल्या हेलिकॉप्टरची पंचाईत अशी, की त्यानं खाली लोटलेल्या हवेतच त्याला उभं राहायचं असतं. पुढे सरकलं की दर क्षणी नवी, न हललेली हवा पात्यांखाली येते. जास्त हवा हळू ढकलून तेच काम निभतं, आणि ताकद वाचते. विहिरीत पोहलेल्याला हे वेगळं सांगायला नको: एका जागी तरंगत राहिलं की दम लवकर लागतो, हात मारत कडेला निघालं की सोपं जातं.

जमिनीलगत मात्र थोडी सवलत मिळते. खाली ढकललेल्या हवेला जमीन अडवते, त्यामुळे पंख्याच्या रुंदीइतक्या उंचीच्या आत तरंगणं स्वस्त पडतं. मळ्यातल्या घरावर उंच थांबून दोर सोडणाऱ्याला ही सवलत नाही.

हवा विरळ असली की भाडं आणखी वाढतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३७ वर गेला की इथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. तेच हेलिकॉप्टर मग पहाटेपेक्षा कमी वजन उचलतं. सियाचीनला २० हजार फुटांवर हवा निम्मीच उरते. तिथे आपल्या जवानांना रसद पोचवणारं चीता हेलिकॉप्टर हे मुळात फ्रान्सचं लामा. भारतीय सैन्याच्या गरजेसाठीच ते घडवलं गेलं आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) बांधलं.

याच लामानं २१ जून १९७२ ला १२,४४२ मीटर उंची गाठली. पायलट जाँ बुले. एवढ्या उंचीवर इंजिन विझलं, ते पुन्हा पेटेना. तरी बुले सुखरूप उतरले. सह्याद्रीतल्या माधवीलतेचं तीन पंखांचं फळ पडताना बघा: दगडासारखं आदळत नाही, गरगरत उतरतं. इंजिन बंद पडल्यावर पायलट पाती झटकन सपाट करतो, खालून येणारी हवा पंखा फिरवत ठेवते, आणि जमिनीजवळ येताच साठलेल्या फेऱ्यांच्या जोरावर तो अलगद टेकतो. पण त्यासाठी हाताशी उंची तरी हवी, नाहीतर वेग. पुरात घरावर स्थिर थांबलेल्या पायलटकडे दोन्ही नसतात. एमआय-१७ किंवा आपल्या ध्रुवला दोन इंजिनं असतात ती उगाच नव्हेत.

मग पुढे जातानाचा वेग हवा तेवढा का वाढवत नाहीत? एमआय-१७ च्या पात्याचं टोक ताशी सुमारे ७७० किलोमीटरनं फिरतं. हेलिकॉप्टर २०० नं निघालं तर पुढे येणाऱ्या पात्याला ९७० चा वारा, मागे जाणाऱ्याला जेमतेम ५७० चा. एका बाजूला उचल जास्त, दुसरीला कमी, उलटंच व्हायचं. स्पेनच्या हुआन द ला सिएर्वानं १९२३ मध्ये आपल्या ऑटोजायरोच्या (वर मोकळा फिरणारा पंखा असलेल्या विमानाच्या) पात्यांना बिजागऱ्या बसवून त्यांना वरखाली हलू दिलं आणि तोल साधला. तरी वेग फार वाढला की मागे जाणारं पातं दगा देतंच. म्हणून १९८६ मध्ये लिंक्स हेलिकॉप्टरनं केलेला ताशी ४०० किलोमीटरचा विक्रम साध्या घडणीच्या (वर एक मोठा पंखा, शेपटीला एक छोटा) कुठल्याही हेलिकॉप्टरला अजून मोडता आलेला नाही.

मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं नेणं, केदारनाथला भाविक, जंगलातली आग, जखमी जवान: कामं पुष्कळ आहेत. पण वेगाच्या कामाला विमान आहेच. हेलिकॉप्टरला बोलावतात ते जिथे थांबावं लागतं तिथे.

शेपटीचा छोटा पंखा राहिलाच. मळ्यातल्या मोटारीचे बोल्ट ढिले झाले तर चाक एकीकडे फिरतं आणि मोटार दुसरीकडे उसळते. हेलिकॉप्टरचं धडही तसंच उलटं गरगरलं असतं. शेपटीचा पंखा ते धरून ठेवतो. तो इतक्या वेगानं फिरतो की डोळ्यांना दिसतच नाही.

मागच्या निवडणुकीत शाळेच्या मैदानावर फक्कीनं गोल आखून एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरवलं. धुरळा बसायच्या आत पोरं धावली. मामा काठी आडवी धरून कुंपणापाशी उभे होते. "म्होरनं बघा रे काय ते. शेपटीकडं गेला तर टंगडी मोडीन."