मुतखडा : लघवीचे रसायन आणि खड्याची जडणघडण

लघवीतील क्षारांचे स्फटिक मूत्रपिंडात किंवा मूत्रमार्गात साचून बनलेला टणक खडा म्हणजे मुतखडा. निरोगी माणसाची लघवीही कॅल्शियम ऑक्झलेटच्या बाबतीत बहुधा अतिसंपृक्त असते; साध्या पाण्यात एवढा क्षार विरघळून राहिलाच नसता. तरीही बहुतेकांना खडा होत नाही, आणि खरे नवल त्याचेच आहे.

याचे बरेचसे श्रेय लघवीतल्या सायट्रेटला (सायट्रिक आम्लाच्या क्षाराला) जाते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि ऑक्झलेटच्या वाट्याला कमी कॅल्शियम येते. मॅग्नेशियम ऑक्झलेटला अडकवते, तर युरोमोड्युलिन हे मूत्रपिंडातच तयार होणारे प्रथिन स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाही. शिवाय सुटे स्फटिक मोठे होण्याआधीच वाहून जातात. टिकतो तो कुठेतरी चिकटलेला. मूत्रपिंडाच्या अंकुरांवर (लघवी जिथून बाहेर झिरपते त्या टोकांवर) कॅल्शियम फॉस्फेटचे पांढुरके थर असतात व त्यांवर खडा वाढतो, हे अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ अलेक्झांडर रँडल यांनी 1937 च्या सुमारास दाखवले.

बहुसंख्य खडे कॅल्शियमचे असतात. म्हणून आहारातले कॅल्शियम तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो उलटतो. आतड्यात कॅल्शियम कमी पडले की अन्नातले मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन लघवीत उतरते. तोडायचेच तर मीठ तोडावे. जादा सोडियम बाहेर पडताना कॅल्शियमलाही सोबत नेते.

युरिक आम्लाच्या खड्याचे गणित लघवीच्या सामूवर (pH; तो जितका कमी तितकी लघवी आम्लधर्मी) चालते. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की हे आम्ल विरघळेनासे होते, 6.5 च्या आसपास ते कित्येक पट अधिक विरघळते. त्यामुळे सामू वाढवणारे पोटॅशियम सायट्रेट देऊन हा खडा विरघळवता येतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असा विरघळत नाही, आणि लघवी फार अल्कधर्मी झाली तर कॅल्शियम फॉस्फेट साचू लागते.

स्ट्रुव्हाइटचा (मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा) खडा जंतुसंसर्गातून होतो. प्रोटियससारखे जिवाणू युरियापासून अमोनिया बनवतात, सामू 7 च्या वर जातो आणि सांबरशिंगासारखा फाटे फुटलेला खडा मूत्रपिंड व्यापू शकतो. सिस्टीन या अमिनो आम्लाचा खडा विरळा व आनुवंशिक. हे द्रव्य इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम वोलास्टन यांना 1810 मध्ये मूत्राशयातल्या खड्यातच सापडले.

लघवीचे रसायन दिवसभर बदलत असल्याने वारंवार खडे होणाऱ्यांची 24 तासांची लघवी साठवून तपासतात. प्रतिबंधासाठी सांगितला जाणारा दिवसाला 2 ते 2.5 लिटरचा आकडा प्यायच्या पाण्याचा नसून लघवीचा आहे. घाम जास्त जात असेल तर पाणी त्याहून बरेच जास्त लागते.